पाहुणे येण्याआधीची भिंत

प्रिय ठमे,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून तू मनातल्या मनात मला चार शिव्या घातल्या असशील, त्या पोचल्या असं समज. शाळेत माझी टकळी बंद व्हायची नाही म्हणून बाई मला तुझ्या शेजारून उठवून पहिल्या बाकावर बसवायच्या, आणि आता एका साध्या प्रश्नाचं उत्तर लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत. दोनदा लिहायला बसले. दोन्ही वेळा 'देऊन टाक गं, चांगलं काम आहे' असं लिहिलं आणि कागद फाडून टाकला.

तुझा प्रश्न मला पाठ झालाय. तुझ्या ऑफिसातल्या दोघी, एक शेजारच्या टेबलावरची आणि एक तुझ्याबरोबर डबा खाणारी, पुढच्या महिन्यात समुद्र ओलांडून आमच्या वसतिगृहात येणार. आठवडाभर राहणार, मुलींचं जेवणघर रंगवून देणार, आणि त्यासाठी ओळखीच्या सगळ्यांकडून मदत गोळा करताहेत. त्यातून त्यांची तिकिटं निघणार आणि उरेल ते आमच्या संस्थेला मिळणार. नाही म्हणायला जीभ रेटत नाही, कारण रोज तोंड बघायचं असतं; आणि हो म्हणावं तर आपण कुणाच्या तरी सहलीला हातभार लावतोय की काय अशी शंका येते, असं तू लिहिलंयस. तू तिथेच असतेस, मुली तुझ्या हाताखाली वाढताहेत, तेव्हा तूच काय ते सांग, म्हणे. म्हणजे ओझं माझ्या डोक्यावर ठेवून तू मोकळी झालीस. लहानपणापासून तुझी ही सवय आहे.

आधी चांगलं सांगते, नाहीतर तुला वाटेल मी पाहुण्यांच्या नावाने खडे फोडतेय. मुली आज ज्या पलंगांवर झोपतात ते अशाच एका गटामुळे आले. त्याआधी त्या जमिनीवर सतरंजी टाकून झोपायच्या. येणारी माणसं वाईट नसतात. एकदा एक निवृत्त बसचालक आले होते. त्यांनी मुलींना तोंडात दोन बोटं घालून शिट्टी वाजवायला शिकवलं. ते गेल्यावर कितीतरी दिवस वसतिगृहात शिट्ट्यांनी नुसता उच्छाद मांडला होता आणि आमचे सर, म्हणजे संस्थेचे चालक, कपाळाला हात लावून बसले होते. त्या गृहस्थांची मुली अजून आठवण काढतात. त्यांनी कुठली भिंत रंगवली ते मात्र एकीलाही आठवत नाही.

खरं म्हणजे आम्हाला रंग नकोच आहे. न्हाणीघराची नळी गळते, पाणी भिंतीत मुरतं, आणि स्वयंपाकवाल्या मावशींना एकटीला एवढ्या जणींचं करताना कंबर धरून बसावं लागतं. पण गळकी नळी बदलायला कोण विमानाने येणार? ते काम इथला प्लंबर अर्ध्या दिवसात करून जाईल. सरांनी एकदा एका गटाला भीत भीत सुचवलं होतं. त्यांनी गोड शब्दांत कळवलं, की आम्हाला मुलींबरोबर हाताने करता येईल आणि झालेलं दिसेल असं काही हवं. त्यात त्यांचं तरी काय चुकलं? ज्यांनी मदत दिली त्यांना परत जाऊन काहीतरी दाखवायला लागतं. म्हणून मग जेवणघर. तिथे खिडक्या मोठ्या आहेत, फोटो छान येतात.

गट वाढत गेले आणि प्रत्येक गटाला जेवणघरच हवं. दाराला तर रंगाचे इतके हात बसलेत, की ते फुगून चौकटीत मावेना. थंडीत वारा आत येतो आणि मांजरी ताटापर्यंत येतात. शेवटी सुताराला बोलावलं. त्याने कडेला रंधा मारला तर आतून हिरवा, पिवळा, आकाशी, गुलाबी असे थरावर थर निघाले. या दारात लाकूड कमी आणि रंग जास्त आहे, असं म्हणून तो हसत बसला. मुलींनी ते रंगीत छिलके वेचून वह्यांमध्ये जपून ठेवले. मीही हसले तेव्हा. पुढच्या गटाने दार परत रंगवलं आणि ते परत लागेनासं झालं.

ठमे, तुझ्या घरी पाहुणे यायचे तेव्हाची धांदल तुला आठवते? तुझी आई हाताला लागेल ते पलंगाखाली कोंबायची आणि वरून चादर जमिनीपर्यंत ओढायची. एकदा तुझ्या आत्याची चप्पल आत सरकली, ती काढायला त्या वाकल्या आणि धुवायच्या कपड्यांचा अख्खा ढीग बाहेर आला. आपण दोघी हसून हसून लोळलो होतो. पाहुणे येणार म्हणजे घर आवरायचं, एवढं तर आपल्याला कुणी न शिकवता कळत होतं.

आमच्याकडे उलटं आहे. पाहुणे येणार म्हटलं की आम्ही भिंत घाण करतो. लिहिलं एकदाचं. एका गटाच्या पाठोपाठ लगेच दुसरा गट यायचा होता आणि भिंत चकचकीत होती. सर हवालदिल झाले. आलेले लोक रंगवणार काय, आणि रंगवायला काही नाही म्हणून आलेच नाहीत तर महिन्याचा किराणा कुठून भरायचा? तेव्हा तोडगा मी काढला. सरांनी नाही, मी. एका डब्यात कोळशाची पूड भिजवली, मुलींच्या हातात बोळे दिले आणि भिंतीला लावा म्हटलं. मुलींना काय, मजाच झाली. तेव्हापासून हा आमचा रिवाजच होऊन बसलाय. डबा न्हाणीघरामागे ठेवलेला असतो.

आता मुंगीबद्दल सांगते. ही आमच्यातली सगळ्यात धाकटी. कायम काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते म्हणून तिचं हे नाव पडलं. आईवडील कामासाठी गावोगाव फिरतात, ती आमच्याकडे राहते. नवीन आहे, त्यामुळे सांगितलेलं काम जीव ओतून करते. मागचा गट गेला त्याच दिवशी दुपारी मुंगीने आपण होऊन डबा काढला आणि ओल्या रंगावर हात चालवायला सुरुवात केली. तिच्या हिशेबाने पाहुणे गेले, आता पुढच्यांची तयारी. आणि नेमक्या त्याच वेळी गटातली एक बाई विसरलेला चष्मा न्यायला परत आली. दारातच थबकली. तिने आठवडाभर राबून रंगवलेली भिंत, आणि त्यावर हे काळे फराटे. तिचे डोळे भरून आले.

मी तिथेच होते. मी काय करायला हवं होतं ते तुला सांगायला नको. मी मुंगीचा दंड धरला आणि त्या बाईसमोर तिला फाडफाड बोलले. काही लाज आहे का, लोक तुमच्यासाठी एवढं करतात आणि तुम्ही हे पांग फेडता, असं सगळं. ती बाईच उलट मला म्हणाली की असू द्या, लहान आहे. तुम्हीच सांगितलं होतं ना बाई, एवढं मुंगी म्हणाली असती तर मी तिथल्या तिथे उघडी पडले असते. तिने ते म्हटलं नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घालून फडक्याने भिंत पुसायला लागली. ओला रंग तो, आणखीच पसरला. ठमे, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्या बाईला फाटकापर्यंत सोडताना मी हसून निरोप दिला. याची मला जास्त लाज वाटते. नंतर मी मुंगीला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, पण माझं चुकलं हे शब्द काही तोंडातून निघाले नाहीत.

तर उत्तर असं, की तिकिटासाठी देऊ नकोस. मनापासून द्यावंसं वाटलं तर नळीसाठी दे, मावशींच्या हाताखाली कुणी मिळावं म्हणून दे, आणि डबा खाताना त्या दोघींना हे पत्र वाचून दाखव. त्यांना यायचंच असेल तर त्यांनी यावं, मुलींना शिट्टीसारखं काहीतरी शिकवावं, दारावरचा रंग खरवडावा. भिंत त्यांना स्वच्छ मिळेल. आज दुपारी मी सरांना तसं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, की गट यायचे थांबले तर मुलींना जेवायला काय घालायचं? ते खोटं बोलत नव्हते. कदाचित मी माझी लाज झाकायला मुलींचं नुकसान करतेय. तसं असेल तर तू मला तसं तोंडावर सांग, तुला तो हक्क आहे.

एवढे दिवस मूग गिळून बसलेली मी आज लिहायला का बसले, तेही सांगते. सरांकडे जाण्याआधी, सकाळी मी भाजी निवडत होते. मुंगी डबा घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कोळसा तिने भिजवूनही आणला होता. यायच्या आहेत त्या तुमच्या मैत्रिणीच्या मैत्रिणी ना, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाली, की भिंत मी करते बाई, पण त्या तुमच्या ओळखीच्या आहेत, तर या वेळी त्यांच्यासमोर मला ओरडणार नाही ना? मी तिला सांगितलं, की या वेळी भिंत घाण करायची नाही, आणि ओरडणार तर मुळीच नाही. तिने शहाण्यासारखी मान डोलावली, पण डबा काही खाली ठेवला नाही.

तुझीच, सध्या गप्प झालेली,
टकळी