गाजराच्या साबणाचं पातेलं

दर्शना,
साबणाला जेवणातलं भांडं घेऊ नकोस, हे तुला किती वेळा सांगायचं? गाजराच्या किसात ते जळजळीत कॉस्टिक सोडा ओतून पातेलं ओट्यावर उघडं टाकलंस आणि परत न सांगता डोंबिवलीला माहेरी गेलीस. तुझ्या सासऱ्यांना हल्ली काही उमगत नाही. हलवा समजून त्यांनी चमचाभर तोंडात घातला. जीभ भाजलीय, बोलता येत नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून हा मेसेज लिहिते. मी त्यांना रिक्षाने ठाण्याला हॉस्पिटलात नेतेय. माझ्या लेकाला, देवेशला, मीच कळवते, तू नको. रडत बसू नकोस, घरून त्यांच्या औषधांची पिशवी घेऊन हॉस्पिटलात ये. आल्यावर तोंडावर सांगणारच आहे, ते आधी वाच: "तू वाईट नाहीस गं, पण तुझं मन या घरातून केव्हाच उठलंय."