शिसं की मेण

किहीम, ४ फेब्रुवारी १९६३
साहेब म्हणाले, 'किहीमला जा, निवांत अहवाल लिही.' निवांतपणा भरपूर! घरमालकीण वेणूबाई सोडली तर बोलायला माणूस नाही. प्रश्न असा — फार उंच उडणाऱ्या विमानात, उद्या अंतराळयानात, माणसांना न्यूट्रॉनपासून वाचवायचं, तर भोवती भिंत कशाची घालायची?

६ फेब्रुवारी
सगळे म्हणणार शिसं. जड म्हणजे भक्कम! आमच्या प्रयोगशाळेतही आधी शिशाचीच भिंत होती. पण न्यूट्रॉन शिशावर आपटतो आणि जवळजवळ तेवढ्याच वेगाने पुढे जातो. त्याला दमवायला त्याच्याच वजनाचं काही हवं — हायड्रोजन. म्हणजे पाणी, मेण, प्लास्टिक. दमलेल्याला गिळायला थोडा बोरॉन. विमानाचं इंधनच माणसांभोवती ठेवलं तर? लिहिलंय खरं. साहेब हसतील, हसोत.

९ फेब्रुवारी
प्रयोगशाळेतल्या शिवदासचा निरोप. बुधवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन. बेचाळिसाव्या वर्षी! न्यूट्रॉनचाच प्रताप, म्हणतात डॉक्टर. 'जमलं तर ये.'
जाऊ? चार वर्षांपूर्वी त्याला लग्नाला नाही म्हटलं ते एवढ्याचसाठी — न्यूट्रॉनच्या यंत्रापुढे कायम हा. 'तू मागे थांब.' सगळी वर्षं त्याची पाठ बघत काम केलं! असल्या आडमुठ्याशी संसार कोण करणार?
संध्याकाळी एकटीला जेवण जात नाही, हेही खरं.

१० फेब्रुवारी
नाही जात.

११ फेब्रुवारी
मासळीवाली चंद्राबाई बोंबील घेऊन आली. नवरा गेल्याला वर्ष झालं, त्याचंच बोलत बसली. 'बाय, माजा घोव होरीन नेमी वाऱ्याकरं बसं. पानी सगला त्याचे आंगाव, मी सुकीच!' होडीत वाऱ्याच्या बाजूला तो, त्याच्या आडोशाला ही.
ती गेली आणि मी अहवालाचं पान पुन्हा काढलं. माणूस म्हणजे तरी काय, बरंचसं पाणीच की! माझे डोळे धड आहेत. शिशाने काही अडवलं नसणार. मध्ये शिवदास उभा होता. मुद्दाम? आणि मी त्याला काय काय बोलले! उद्या रेवसहून लाँच धरते.

मुंबई, १४ फेब्रुवारी
दोन्ही डोळ्यांवर पट्टी. रडतच विचारलं, 'तुला माहीत होतं? म्हणून पुढे उभा राहायचास?'
'छे गं! शिसं होतं ना, भीती कसली? पहिला आकडा मलाच बघायचा असायचा.'
म्हणजे माझंच बरोबर होतं. आडमुठाच!
लग्नाला हो म्हणून टाकलं.