लग्नाला न आलेल्या मामाची कंबर

तारनाका, हैदराबाद
रविवार

ती. जयवंताअक्कास,

हिम्मतचा उभ्यानेच नमस्कार. (साष्टांग घालायला आडवा झालो तर उठवायला दोन माणसं लागतात, आणि घरात भाग्यलक्ष्मी एकटीच आहे.) तुझे गुडघे कसे आहेत, भावजींची साखर आटोक्यात आहे का, नवी सून रुळली का, ते कळव.

अक्का, सारंगच्या लग्नाच्या आठ दिवस आधी कंबर धरली म्हणून मी तुला कळवलं, तेव्हा माझी कंबर ठणठणीत होती. त्या सकाळी मी पाण्याचा जार खांद्यावरून दोन जिने चढवला होता. खरं कारण लिहिताना कान गरम होतात. इथल्याच चिक्कडपल्लीच्या आपल्या चुलतभावाला, दत्तोबाला, तुम्ही पत्रिका घरी जाऊन दिलीत आणि मला, सख्ख्या मामाला, फोनवर पाठवलीत. (दत्तोबाकडे फोनच साधा आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं.) बस, एवढ्यावर मी रुसलो. भाग्यलक्ष्मी म्हणाली, "तुमच्या खोट्यात मी नाही," आणि एकटी उदगीरला आली. तिथे ती गप्प राहिली ते माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी.

पण खोटं सांभाळायला फार मेहनत पडते. तू रोज व्हिडिओ कॉल करायचीस, म्हणून मी कमरेला पट्टा बांधून दिवसदिवस पडून राहायचो. फोन वाजला की अंग आवळून घ्यायचं, दातांवर दात दाबायचे, कण्हायचं. लग्नादिवशी मुहूर्ताच्या गडबडीतही तू व्हिडिओ कॉल केलास, "हिम्मत, कंबर शेकलीस का रे?" मागे मंगलाष्टकांची तयारी ऐकू येत होती, आणि सारंगच्या मागे मामा म्हणून दत्तोबा उभा होता. त्या दुपारी मी उठायला गेलो आणि खरोखरच उठता येईना. आधी वाटलं, सवयीने नाटक करतोय. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा कळलं, हे नाटक नाही.

महिनाभर सोसलं. झोप गेली, पोटात आग. शेवटी इथल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो बघून सांगितलं, "अंकल, हड्डी में कुच बी नै है. इत्ते दिन पट्टा बांध के काय कू लेटे? पट्टे ठंडे पड़ गए, बदन अकड़ गया. और टेन्शन क्या लिए, वो बोलो." (त्यांचे 'पट्टे' म्हणजे स्नायू, माझा पट्टा नव्हे.) मी म्हटलं, काही नाही. त्यांनी नाडी धरली होती. ती बहुधा तेव्हाच धावली. "बोल देव अंकल, दर्द सच्ची है, पन दिल का बोझ बी उसमें है." मग मी त्या परक्या पोरीसमोर सगळं ओकलो. बाहेर रांगेतली माणसं ऐकत असावीत. पट्टा काढायला, रोज चालायला आणि बहिणीची माफी मागायला सांगितलंय. चालणं सुरू केलंय.

माफ कर, अक्का.

तुझा,
हिम्मत

ता. क. : माफी समोरासमोर मागायची होती. पत्राने चालतं का, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलेलं नाही.

पुन्हा ता. क. : आत्ताच सारंगचा फोन आला. मला मोठ्या डॉक्टरकडे न्यायला तो रजा टाकून शनिवारी येतोय. सगळं सांगायचं म्हणून तोंड उघडलं, आणि निघालं काय, तर "ये बाबा, फार दुखतंय." त्याला तू काही सांगू नकोस, मीच सांगेन. फक्त सुनेलाही सोबत पाठव. नव्या सुनेशी पहिल्याच भेटीत खोटं बोलायला मी धजणार नाही, एवढी आशा मला अजून आहे.