समुद्रावरची भट्टी

४ जानेवारी, नेकनूर
बॅग भरली. सुमनसाठी शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ, तिच्या आईच्या हातची गोधडी. गोधडी परत आणायची, लेकीसकट. नवरा सोडून गेला, आता त्या नॉर्वेत एकटी काय करते? शेजारच्या राघूला सांगून टाकलं, घेऊनच येतो.
"आण बे. पर ती काय कालवड हाय का, दाव्याला धरून आणायला?"
मूर्ख माणूस. बीडच्या पुढं गेला नाही कधी.

८ जानेवारी, उत्तर नॉर्वे
सूर्य उगवतच नाही. दुपारी आभाळ जरा राखी होतं, पुन्हा मिटतं. चौथीच्या पुस्तकातला समुद्र निळा होता. वर्गात डोलत डोलत होडीची कविता म्हणायचो, खिडकीबाहेर चिंचेखाली बैल रवंथ करत. गुरुजींनीसुद्धा समुद्र पाहिलेला नव्हता. तोच खरा होता. हा डांबरासारखा काळा, गप्प. यावर कोण कविता करील?

१० जानेवारी
सुमन बरी दिसते. त्याचाच संशय येतो. विषय काढला, चल गावी.
"अण्णा, उद्या आधी माझ्याबरोबर सौनाला चला. मग बोलू."
सौना म्हणजे काय, तर समुद्रकाठी लाकडी खोपट, आत तापलेले दगड. घामानं निथळायचं, मग बर्फासारख्या पाण्यात उतरायचं, पुन्हा आत. याला सुख म्हणतात. मे महिन्यात माझ्या पत्र्याखाली या म्हणावं.

११ जानेवारी, रविवार
गेलो. बनियन काढलं नाही. आत बाया-पुरुष अर्ध्या कपड्यांत एकत्र, वाफवलेल्या बटाट्यांसारखे लाल. सुमनही त्यांच्यासारखीच आली. मी दगडांकडं बघत बसलो. शेजारी बादली, तीत लाकडी पळी. वाटलं, आंघोळीचं पाणी. नद्यांची नावं घेत दोन पळ्या डोक्यावर ओतल्या. ते म्हणे दगडांवर शिंपडायचं! कुणी हसलंसुद्धा नाही. हसायचीही अक्कल नाही या लोकांना.
मग सुमन आणि चार गोऱ्या बाया समुद्रात. मी काठावर, गोधडी पांघरून. सु. थेट गळ्यापर्यंत गेली. लहानपणी विहिरीत माझी मान सोडत नसे ही. पाठीला डबा बांधून सोडायचो तिला, आणि नियम एकच: होडीची कविता संपेपर्यंत बाहेर यायचं नाही.
पाण्यात तिनं तीच सुरू केली.
आणि त्या चौघींनीही. मराठीत. चारही कडवी, दात वाजवत. 'ळ'ची पार माती. दुसऱ्या कडव्यात तर एक ओळ गाळून यमकाचा मुडदा. गुरुजींनी उन्हात अंगठे धरायला लावले असते. कविता संपली तशा किंचाळत बाहेर.
सु. ओल्या केसांनी हसत म्हणाली, "पाण्यात किती थांबायचं ते आम्ही असंच ठरवतो. त्यांना आता घड्याळ चालत नाही."
गोधडी तिच्या खांद्यावर टाकली. गावचा विषय काढणार होतो, पण

१७ जानेवारी
उद्या निघायचं. एकटाच.
"अण्णा, दुसरं कडवं आमचं चुकतं ना? जायच्या आधी नीट सांगा की."
झोप आली म्हणून उठलो. झोप कसली येते, संध्याकाळचे सहा वाजलेले.

२१ जानेवारी, नेकनूर
ऊन! पारावर राघू.
"लेक आली न्हाई?"
"न्हाई."
"गोधडी तरी आणली का?"
"तिथं थंडी लई हाय."
सरकून पारावर जागा केली त्यानं. शहाणा झालाय माझ्यामागं.

२ फेब्रुवारी
सु.चा फोन. त्या चौघींतल्या एकीला आपली विहीर बघायचीय म्हणे. कधी, ते नाही बोलली. पुन्हा तेच: दुसरं कडवं म्हणून पाठवा.
राघूला म्हटलं, विहिरीतला गाळ काढायला माणसं बघ.
"कावून? यायली का ती?"
"तू माणसं बघ बे."
दुपारी फोनवर कडवं म्हणून ठेवलंय. सावकाश, एकेक अक्षर सुटं. आवाज बरा लागला. पाठवलं नाही अजून. ते कडवं चुकतं, म्हणून तर तिला फोन करावा लागतो. एकदा नीट जमलं, की मग त्या भिकार भट्टीत तिला काय कमी राहणार?
उद्या बघू. ती गाळलेली ओळ तेवढी पुन्हा एकदा म्हणून पाहतो.