लाल म्हणजे पुन्हा

सोमवार, ३ फेब्रुवारी

पोचले एकदाची. ट्रकच्या पुढच्या सीटवर ड्रायव्हर, मी आणि माझ्या मांडीवर रक्त तपासायचं यंत्र. यंत्राला ओरखडासुद्धा नाही, माझी कंबर मात्र कामातून गेली. आई म्हणते, ऐकणारं कोणी नसलं तर तू भिंतीशी बोलशील. इथल्या भिंती पत्र्याच्या आहेत आणि उन्हात त्याच कुरकुरत असतात, त्यामुळे यापुढे वहीशी बोलायचं ठरवलं आहे.

ऊसतोड कामगारांच्या वस्तीच्या टोकाला माझी खोली आहे. एक खाट, एक टेबल, एक खिडकी, आतून कडी लागणारं दार. खिडकीसमोर पाण्याची टाकी, पलीकडे खोपटांच्या रांगा, आणि मग नजर पोचेल तिथवर ऊस. इथल्या माणसांच्या किडन्या ऐन तरुणपणी निकामी होताहेत. कशाने, ते नक्की कोणालाच सांगता येत नाही. उन्हात पाण्यावाचून राबणं, अंगदुखीच्या गोळ्या, पाणीच वाईट, असे तर्क चालू आहेत. मी प्रत्येकाच्या रक्ताचा थेंब आणि लघवी तपासायची आणि शहरातल्या डॉक्टरांना आकडे कळवायचे. एकदा आकडा वाईट आला म्हणून आजार ठरत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासून तो तसाच आला, तर ठरतो.

मुकादम इथला सर्वेसर्वा. त्याने स्वतःची खुर्ची मला दिली. वस्तीत माणसं किती, असं विचारलं तर म्हणाला, आम्ही माणसं मोजत नाही मॅडम, कोयते मोजतो. इथे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, जोडपं. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधते, दोघं मिळून एक कोयता. मला हे इतकं आवडलं की संध्याकाळपर्यंत आठवून हसत होते. शेजारच्या खोपटातला कोयता, म्हणजे दादा आणि वहिनी, मला हंडाभर पाणी देऊन गेला. वहिनी हसली की अंगभर हसते. दादा पाठ धरून चालतो आणि दुखणं विचारलं की विषय बदलतो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

काम झकास चाललं आहे. सकाळी उसाच्या फडावर जाण्याआधी रांग लागते. एकाने लघवीच्या बाटलीत जेमतेम तळ झाकेल इतकंच आणून दिलं आणि वर म्हणाला, बाकीचं उन्हाने नेलं. सगळी रांग हसली, मीही हसले. नंतर आकडा पाहिला आणि हसू आवरलं.

अडचण एकच होती. टेबलापाशी सावली आहे म्हणून तीच माणसं परत परत रांगेत घुसायची. चिठ्ठ्या दिल्या तर फडात हरवायच्या. शेवटी मीच डोकं चालवलं. बाटल्यांवर खुणा करायला माझ्या पेटीत पक्की शाई आहे, मतदानाला लावतात तसली, नख वाढून जाईपर्यंत निघत नाही. डाव्या करंगळीच्या नखाला हिरवी म्हणजे आकडा ठीक. लाल म्हणजे तीन महिन्यांनी पुन्हा या, तोवर सावलीतलं काम, भरपूर पाणी आणि गोळ्या बंद. मुकादम खूश झाला. म्हणाला, हे फार बरं केलंत, लांबूनसुद्धा दिसेल. स्वतःची पाठ थोपटायला हात पोचत नाही, नाहीतर थोपटली असती.

वहिनीला जखमेची पट्टी बांधायला शिकवलं. पाणी उकळून निववायचं, कपडा धुतलेला हवा, दाबून धरायचं, मग बांधायचं. तिने एकदा पाहिलं आणि माझ्यापेक्षा नीट बांधलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

दादाचा आकडा वाईट आला. यंत्रावर दोनदा घेतला. लाल लावला. तो नखाकडे बघत म्हणाला की लग्नातसुद्धा त्याला इतकं कोणी नटवलं नव्हतं.

वहिनी मात्र हसली नाही. दुपारी खोलीत आली, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, यावर हिरवी लावा. मी समजावलं की लाल म्हणजे शिक्षा नाही, लाल म्हणजे फक्त पुन्हा. तिने तेच परत मागितलं. मी सांगितलं की आकडा तो आकडा, खोटा रंग माझ्या हातून लागणार नाही. हे बोलताना मला स्वतःचा जरा अभिमानही वाटला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मुकादमाने लाल नखांचे कोयते बाजूला काढले. सावलीतलं काम देईल असं मला वाटलं होतं. त्याने त्यांना गाठोडी बांधायला लावली. लाल म्हणजे बाद, असं त्याने फडावर सगळ्यांदेखत सांगितलं. नवरा लाल असेल तर हिरवी बायकोही बाद, कारण अर्धा कोयता कोणी ठेवत नाही. दादा आज हाताला फडकं गुंडाळून गेला होता म्हणून वाचला.

मी तावातावाने मुकादमाकडे गेले. तो शांतपणे म्हणाला, मॅडम, खूण तर तुम्हीच केली, आम्ही नुसती वाचली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

एक तोडणारा हात छातीशी धरून आला. कोयता निसटला म्हणाला. डावी करंगळी मुळापासून गेली होती. कोयता निसटला की जखम तिरकी होते. ही सरळ होती, बोट कशावर तरी ठेवून तोडलेलं. मला त्याचा आकडा आठवला. त्या करंगळीला लाल मीच लावला होता.

त्याच्यामागे बाहेर आणखी दोघं बसले होते. दोघांच्याही डाव्या हातातून रक्त गळत होतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

टाकीच्या चौथऱ्यावर उभं राहिलं तरच फोन लागतो. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आकडे उत्तम येत आहेत, काम मध्येच सोडू नका, लाल नको तर दुसरा रंग वापरा. परत जायला गाडी मागितली तर मुकादम म्हणाला, सगळे ट्रक उसाला लागलेत, पुढच्या आठवड्यात बघू.

संध्याकाळी दादाच्या खोपटातून एकच आवाज आला, लाकडावर काहीतरी जोरात आपटल्याचा. मी धावत गेले. वहिनीने त्याची करंगळी पाटावर ठेवून तोडली होती. पाणी उकळून निववून ठेवलं होतं, कपडा धुतलेला होता, ती जखम दाबून धरून बसली होती, मी शिकवलं होतं तश्शी. दादाचे दात फडक्यात रुतले होते. तुटलेलं बोट चुलीत पडलं होतं आणि त्याचा वास सुटला होता. मी ओरडायला लागले तेव्हा तिने मान वर केली.

"बोट नसलं तर नुसता संशय येतो, ताई. लाल असलं तर खात्री. संशयावर माणूस जगतं."



बुधवार, १९ फेब्रुवारी

मुकादमाने नवा नियम काढला आहे. ऊस तोडणाऱ्या ज्या टोळीत लाल सापडेल ती अख्खी टोळी बाद. आता त्याला कोणाला शोधावंच लागत नाही. टोळ्या स्वतःच एकमेकांचे हात ओढून बघतात.

कोणीतरी पसरवलं आहे की लाल माणसाच्या हाताने टाकीतलं पाणी बाटतं आणि त्यानेच किडन्या जातात. मी घसा फोडून सांगितलं, हा लागट आजार नाही. एक बाई म्हणाली, मग खूण कशाला केली होती?



शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सकाळी टाकीवर लोकांनी एकाला धरलं. त्याने नख खरवडून काढलं होतं, पण कातडीवर लाल राहिलंच. आधी लाथा घातल्या. मग चौथऱ्याच्या कडेवर त्याचं तोंड आपटलं, पुन्हा आपटलं, दात पडेपर्यंत. त्याची बायको मध्ये पडली तर तिलाही केसांना धरून फरफटत नेलं. मारणाऱ्यांमध्ये तो होता, उन्हाने नेलं म्हणणारा. त्याच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. तो सगळ्यात जोरात मारत होता.

मी मध्ये पडले नाही. खिडकीत उभी होते.

त्यानंतर सगळ्यांनी त्याच टाकीवर हंडे भरले. चौथरा कोणी धुतला नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज रांग नाही. कोणी तपासून घेत नाही. तरी वस्तीत नवी लाल नखं दिसताहेत — मी न लावलेली. पेटी उघडली. लाल शाईची एक बाटली कमी आहे.

ज्याचं ज्याच्याशी वैर, तो झोपलेल्याच्या नखाला लाल लावतो. बास. पुढचं काम टोळी करते. यंत्राची गरजच उरली नाही.

फडात दोन प्रेतं सापडली म्हणतात. दोघं नवरा-बायको. उसाच्या मोळीत बांधलेली —

एक कोयता, असं मोजलं मुकादमाने.

रविवार, २३ फेब्रुवारी

दादा गेला.

रांगेत त्याचं लाल नख कोणीतरी पाहिलं होतं. त्याला आठवलं. भर दुपारी खोपटातून ओढून काढला. त्याच्याच टोळीची माणसं, त्याच्याबरोबर उसाखाली घाम गाळलेली. आधी कोयत्याच्या पाठीने मारत होते. मग कोणीतरी कोयता उलटा केला. दादा हात वर करून दाखवत होता, बघा, नाही, बघा. तो हातच तोडला. मग मानेवर. एका घावात झालं नाही.

मुकादम खुर्चीवर बसून बघत होता. माझी खुर्ची.

वहिनी रडली नाही. तिने हात उचलून आणला. पदराने पुसला.

सोमवार, २४ फेब्रुवारी, सकाळ

उरलेली शाई फेकून द्यायची ठरवली. आधीच द्यायला हवी होती. बाटल्या जमिनीवर ओतत होते, तेवढ्यात बाहेर आरडाओरडा — दचकले — मोठी बाटली हातातच फुटली.

दोन्ही हात. दहाही बोटं. मुळापर्यंत लाल.

साबण. रॉकेल. वाळूने घासलं, कातडी सोलवटली. लाल आत आहे. काचेने कापल्याचं रक्त कुठलं आणि शाई कुठली तेही कळत नाही.

माझाच थेंब यंत्रावर घेतला. आकडा चांगला आहे. अगदी चांगला. पण इथे आकडा विचारतंय कोण?

दुपार

मुकादम माणसं घेऊन निघाला आहे. खोपटाखोपटात शिरून हात बघताहेत. माझीही तपासणी होणार, तसं ओरडून सांगितलं. मॅडम याच टाकीचं पाणी पिते, म्हणाले. खोपटांच्या दोन रांगा बघून झाल्या. कोणीतरी किंचाळत होतं, आता नाही.

फोन टाकीवरच लागतो. टाकीवर ते आहेत.

दारावर थाप. वहिनी. हळूच म्हणाली, ताई, मी आहे. तिचाच आवाज आहे म्हणून कडी काढली. काय करणार होते?

माझे हात बघितले तिने. मग आत येऊन कडी लावली.

बरोबर पातेलं आहे, वाफा येताहेत. धुतलेलं फडकं आहे. दादाचा कोयता आहे.

मी म्हणाले, नको. पायाला हात लावला तिच्या. ती म्हणाली, तुमचं लाल अजून कोणी पाहिलेलं नाही. त्यांचं पाहिलं होतं, म्हणून गेले. तुम्ही वाचाल.

सूड घेते आहे की जीव वाचवते आहे — तिच्या तोंडाकडे बघून कळत नाही. तिलाही माहीत नसेल. दार तिच्या पाठीमागे आहे.

पाट टेबलावर ठेवला. पाणी निवेपर्यंत लिहा म्हणाली. खाटेच्या कडेला बसून वाफेकडे बघते आहे.

बाहेर पावलं. शेजारच्या खोपटात शिरले.

तिने पाण्यात बोट घालून पाहिलं.

विचारते आहे, हिरवी लावली असती तर किती शाई गेली असती, ताई?

माझा डावा हात धरला. घट्ट. करंगळीपासून सुरू करू, म्हणाली. मोजत जाऊ नका. एक झालं की मी सांगेन —

पुन्हा —

उजवा शेवटी घेते म्हणाली, म्हणजे तोवर लिहिता ये