नातीच्या कॉलेजसाठी आजोबा ओढ्यात

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त तो कागदावरच घडला असं समज). तुझा गुडघा कसा आहे? शेजारीणबाईंशी बोलणं सुरू झालं का, की अजून दोघी आपापल्या खिडकीतून एकमेकींना ऐकू जाईल असं स्वतःशीच बोलता? इकडे सगळे ठीक. सूनबाई बऱ्या आहेत, आणि चिरंजीव नेहमीप्रमाणे ऑफिसातून दमून येतात आणि घरच्यांना दमवतात.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, हजेरीच घेतली आहेस. या वयात गुडघाभर चिखलात उतरायला तुला काय कुत्रं चावलं, ती सेवा आत्ताच्या आत्ता सोड, पोरीच्या कॉलेजसाठी मी माझी ठेव मोडते, हा तुझा हुकूम मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. नातीने टाळ्या वाजवल्या. (तुझी बाजू घेणं हा या घराचा जुना छंद आहे.) पण ताई, सोडता येत नाही. का, ते नीट ऐक. ही सरकारची राष्ट्रीय सेवेची योजना आहे. वर्षभर लोकांच्या उपयोगाची कामं करायची, त्या बदल्यात कॉलेजची फी भरायला मदत मिळते. योजना खरी तरण्या पोरांसाठी, पण पंचावन्नच्या पुढच्या माणसाने सेवा केली तर त्याला आपली मदत नातवंडाच्या नावे करता येते. नातीला जनावरांची डॉक्टर व्हायचंय, प्रवेशही मिळालाय, आणि चिरंजीवांचा पगार तिच्या फीपुढे मान खाली घालून उभा राहतो. तेव्हा मीच उठलो. अट एकच, वर्ष पुरं झालं पाहिजे. मध्येच सोडलं किंवा हाकलून दिलं तर सगळं मुसळ केरात.

'हाकलून दिलं तर' हे मी उगाच लिहिलेलं नाही. मागच्या पंधरवड्यात ती वेळ आली होती.

आमची तुकडी वस्तीमागचा ओढा साफ करते. सगळी विशीतली पोरं, आणि त्यांच्यावर एक कप्तानबाई. वय तेवीस, आवाज मात्र थेट तुझा. सामान आणि माणसं न्यायला एक उघडा ट्रक आहे, आणि तो चालवायला कोण आला असेल? आमच्या बसचा जुना ड्रायव्हर! तोही नातवासाठीच सेवेत आलाय. मी कंडक्टर आणि तो ड्रायव्हर, एवढी वर्षं एका गाडीवर काढलेली आम्ही माणसं, गळ्यात गळे घालायचे तेवढे राहिले. (घातले असते, पण दोघांच्याही अंगाला चिखल होता.)

त्या दिवशी दुपारी काम आटपलं. पोरं बूट धूत होती, कप्तानबाई काठावर उभी राहून त्यांना झापत होती. मला म्हणाली, आजोबा, तुम्ही आधी जाऊन बसा. मी चढलो, बाकावर टेकलो, आणि ताई, सगळा जन्म बसमध्ये गेलेला हात, त्याने पत्र्यावर दोनदा टणटण केलं. मी केलं असं म्हणता येत नाही, हातानेच केलं. पुढे ड्रायव्हरचा पायही त्याला विचारायला थांबला नाही. ट्रक निघाला! मी बोंबललो, पण कंडक्टरच्या बोंबलण्याकडे लक्ष न द्यायची त्याला फार जुनी सवय. रस्त्याला लागलो तर आमचा जुनाच मार्ग. पहिला थांबा आला, आणि याने गाडी अशी झकास बाजूला घेतली म्हणून सांगू! एक बाई बटाट्यांची पिशवी घेऊन उभी होती. मी खाली उडी मारायची, तर तिला हात देऊन वर घेतलं आणि म्हणालो, पुढे सरका. पुढे फक्त फावडी होती. तिसऱ्या थांब्यापर्यंत पाच प्रवासी झाले, आणि दर थांब्यावर माझा हात टणटण करतोच आहे. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर उतरून मागे आला, फावडी पाहिली, प्रवासी पाहिले, आणि हळूच म्हणाला, "काय रे, आपण रिटायर झालो ना?"

तिकडे कप्तानबाई आणि तिची पोरं ओल्या बुटांनी चालत परतली.

दुसऱ्या दिवशी आमची वरात योजनेच्या कचेरीत, साहेबांपुढे. साहेब म्हणाले, परवानगीशिवाय गाडी नेली, परकी माणसं बसवली, दोघांनाही सेवेतून कमी करतो. इतके महिने वाकून, पोरीचं कॉलेज एका टणटणीपायी गेलं असं वाटलं. तेवढ्यात कप्तानबाई पुढे झाली. तिने माझी बाजू घेतली असं समजू नकोस, आधी तुझ्यासारखं सोलून काढलं. मग साहेबांना म्हणाली, "पण यांना काढू नका. हे बरोबर असले की दुपारनंतर एकही पोरगं काम टाकून पळत नाही. यांना फक्त शेवटी चढवू." साहेब हसले आणि आम्ही वाचलो. आता ट्रकमध्ये बसलो की दोन्ही हातांत फावडं धरायचं, हा नियम माझ्या एकट्यासाठी निघाला आहे.

तेव्हा आता उरलेलं वर्ष नेटाने पुरं करणार. संध्याकाळी नात माझी कंबर शेकते आणि शेकता शेकता हाडांची नावं पाठ करते. (बैलाची. मला चालतात.) फार बरं वाटतं गं. कुणाच्या तरी उपयोगी पडतोय, हे रोज सकाळी उठताना कळतं.

तुझ्या ठेवीला हात लावायचा नाही. बाकी सगळं ठीक. माया आहे तशी असू दे, राग मात्र थोडा कमी कर.

तुझा आज्ञाधारक (हे पत्र सोडून),
धाकटा

ता. क. नातीने परवा विचारलं, ताईआजी का नाही गेली कॉलेजला? मी सांगितलं, आई गेली तेव्हा तिने शाळा सोडली आणि मला वाढवलं. नात म्हणाली, म्हणजे तिने सेवा केली, मग तिच्या कॉलेजची मदत कुठाय? दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन विचारलं. कारकून म्हणाला, जुनी सेवा धरत नाही, भावाची तर नाहीच. पण नव्याने यायला वयाची मर्यादा नाही, आणि ती मदत स्वतःच्या शिक्षणालाही चालते. पोरांकडून धडे वाचून घ्यायचं बैठं काम आहे, चिखल नाही. ताई, ये ना.

आणखी एक. रागावू नकोस, तुझं नाव मी देऊनच आलोय. कारकुनाने विचारलं, बाईंचं शिक्षण? मी म्हटलं, भावाला मॅट्रिक केलं. तो म्हणाला, आजोबा, हे शिक्षणात धरत नाहीत. मी म्हटलं, भाऊ तुमच्यासमोरच उभा आहे, एकदा नीट बघा आणि मग सांगा.