सावरपाणीच्या विहिरीने केलेला पाहुणचार

पिंप्राळा, जळगाव
८ एप्रिल १९९१

चि. (आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात मा.) भटूसाहेबांस,

उखर्डूमामाचे अनेक आशीर्वाद. ऑफिसात वाचत असशील तर हेच आशीर्वाद सविनय नमस्कार म्हणून वाचावेत. भाचा साहेब झाला की मामाने त्याला आशीर्वाद द्यावा की नमस्कार घालावा, याचा शासन निर्णय अजून निघालेला नाही. इकडे सगळे बरे आहोत. अक्काचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, धुळ्याच्या डॉक्टरवर भरवसा ठेव, पण जिने मात्र स्वतःच्याच भरवशावर चढ. तुझ्या पुष्पामामीने यंदा उडदाचे पापड लाटायला काढलेत, त्यामुळे घरात बसायला जागा राहिलेली नाही. मी हे पत्र न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून लिहितो आहे.

पत्रास कारण की, कारण काहीही नाही. तुझ्या टेबलावर म्हणे टंचाईची यादी आली आहे, पंधरा तारखेला ती बंद होणार, आणि तीत नाव असेल त्याच गावाला यंदा बोअर मिळणार. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सावरपाणीने पाचव्यांदा अर्ज केला आहे आणि पाचव्यांदा 'गावातील विहिरीस पुरेसे पाणी' असा शेरा पडून तो परत जायच्या बेतात आहे, असंही ऐकतो. पण त्याविषयी मी एक अक्षर लिहिणार नाही. रिटायर माणसाने नोकरीतल्या माणसाच्या कामात नाक खुपसू नये. मी फक्त गेल्या आठवड्यात माझी तीन शास्त्रांशी कशी गाठ पडली, तेवढं सांगतो.

झालं असं, की इथल्या कॉलेजात नॉर्वेहून एक विदुषी आल्या. इंग्रिडबाई त्यांचं नाव. (उंची दाराएवढी. आपल्या स्वयंपाकघराच्या चौकटीला त्यांचं कपाळ दोनदा लागलं आणि दोन्ही वेळा त्यांनी चौकटीची माफी मागितली.) निरनिराळ्या देशांतली माणसं एकमेकांशी कशी वागतात, कुणाचं ऐकतात, कुणाला नाही म्हणतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. असं पाहायलाही शास्त्र लागतं हे मला नवं होतं. आपल्याकडे हे काम ओट्यावर बसलेल्या बायका फुकटात करतात. त्यांच्यासोबत शिरपूरकडचे रेव्हरंड जीवराम वळवी होते, सातपुड्यातलेच. ते ख्रिस्ती धर्मशास्त्रात डॉक्टरेट करताहेत, आणि तीही एका विहिरीवर! एका विहिरीच्या काठी घडलेल्या एका गोष्टीवर चार वर्षं प्रबंध चालू आहे. मी भूजल खात्याच्या नोकरीत बावीस वर्षं एकशे चौदा विहिरी मोजल्या आणि मला निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. यांनी ती विहीर डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नाही. मला थोडा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू?

बाईंना डोंगराकडचं एक गाव हवं होतं. मी लगेच म्हणालो, सावरपाणीला चला, तिथलं पोर न् पोर मला ओळखतं. मी नेहमीसारखं आधी कार्ड टाकून गावाला कळवायला निघालो, तर बाई नको म्हणाल्या. न कळवता जायचं, हा त्यांच्या शास्त्राचा नियम. मला हे असभ्यपणाचं वाटलं, पण पाहुणीचा मान राखला. शिरपूरपर्यंत एसटी, पुढे भाड्याची जीप. वाटेत जीपचं एक टायर बसलं, मग स्टेपनीही बसली, मग आम्हीही एका पळसाखाली बसलो. दहाच्या सुमारास गावात पोचलो तर कारभारी वेस्ताचा चेहरा मला पाहून उतरला. मला वाटलं, मी रिटायर झाल्याचं त्याला फार लागलं असावं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, चालायचंच, आज ना उद्या सगळ्यांनाच व्हावं लागतं.

मग बाईंची प्रश्नावली सुरू झाली. एकेक वाक्य वाचायचं आणि समोरच्याने पूर्ण पटतं, थोडं पटतं, पटत नाही असं सांगायचं. माणसाने आधी स्वतःचं पाहावं? वेस्ता म्हणाला, पूर्ण पटतं. माणसाने आधी गावाचं पाहावं? तेही पूर्ण पटतं. वडीलधाऱ्यांचं ऐकावं, पूर्ण. आपल्या मनाचं ऐकावं, पूर्ण. चाळीस वाक्यं झाली, चाळीसही पटली, आणि वेस्ता नाही तर सगळा पाडा असाच. मला बाईंची कीव आली. इतक्या लांबून येऊन बिचारीच्या पदरात नुसते होकार! मी वेस्ताला बाजूला घेऊन विचारलं, अरे, एखादं तरी नाही म्हण. तो म्हणाला, "बाई इतली दूरथीन उनी, तिले नही कसं म्हनानं?" हे मी बाईंना सांगितलं तर त्या नाराज होण्याऐवजी खूशच झाल्या आणि भराभर वहीत लिहू लागल्या. विचारणाऱ्याला बरं वाटेल तेच उत्तर लोक देतात, हा म्हणे त्यांच्या शास्त्रातला मोठाच रोग आहे आणि त्यावर कपाटभर ग्रंथ आहेत. मी (आता आठवलं की जीभ चावतो) छाती पुढे काढून म्हणालो, बाई, आमच्या शास्त्रात असला रोग नाही. माणूस तोंडदेखलं बोलेल, विहीर बोलणार नाही. टेप सोडला की आकडा हातात.

बारा वाजता विहिरीजवळच्या मोहाखाली सावलीला बसलो. रेव्हरंड म्हणाले, माझीही गोष्ट याच वेळची आहे, आणि त्यांनी ती पाड्यातल्या बायांना त्यांच्या बोलीत सांगितली. (मला शिरपुरी मराठीत.) प्रभू येशू प्रवासाने थकून भर दुपारी एका विहिरीवर बसले. एक शोमरोनी, म्हणजे परक्या जमातीची, बाई एकटीच पाण्याला आली. त्यांनी तिच्याकडे पाणी मागितलं. तर ती म्हणाली, तुमचे लोक आमच्या भांड्याला भांडं लावत नाहीत आणि तुम्ही माझ्याजवळ पाणी कसं मागता? रेव्हरंडांचा सगळा प्रबंध एका प्रश्नावर अडलेला. बाया सकाळी मिळून पाण्याला येतात, मग ही दुपारी एकटी का आली? पुष्कळ पंडित सांगतात, तिची गावात बदनामी होती, लोक टाळायचे, म्हणून लाजेने ती अशा वेळी यायची. इंग्रिडबाईंनाही हे पटलं. एकटं पडलेलं माणूस गर्दीची वेळ चुकवतं, असं त्यांचं शास्त्र म्हणतं. दोन्ही शास्त्रं एकत्र आली म्हणून मीही मान डोलावली.

तर रुपली, म्हणजे वेस्ताची सून, डोक्यावर रिकामी घागर तशीच धरून फसकन हसली. आमच्या सोयीसाठी ती खान्देशीत बोलली. "कसानी लाज? सकायमा बठ्ठ्या बाया हिर उपसी लेतस. मंग दुपारलोंग जे झिरपस ते लेवाले ती एखली उनी व्हई." सकाळी विहीर कोरडी झाल्यावर दुपारपर्यंत जेवढं झिरपेल तेवढं घ्यायला, जिची पाळी हुकली ती येणारच. रेव्हरंड उभेच राहिले. चार वर्षांत हे त्यांना एकाही ग्रंथात भेटलं नव्हतं. आणि ती वाद का घालत बसली? तर रुपलीच्या मते पाणी थोडं, मागणारा पाहुणा, नाही म्हणवत नाही, मग बाई बोलण्यातच वेळ काढणार. भटू, मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! खडकातल्या विहिरीला उपशानंतर भरून यायला वेळ लागतो, हे आमचं शास्त्र, आणि ते धर्मशास्त्राच्या मदतीला धावून गेलं! मी टाळ्या वाजवल्या.

मग रुपलीने माझ्याकडे बोट दाखवलं. अगदी कौतुकाने, मान द्यावा तसं. त्या बाईला पाहुणा येणार हे आधी माहीतच नव्हतं, तिचा काय दोष, असं तिला म्हणायचं होतं. "हाऊ भाऊ ते कार्ड धाडस. मंग आम्ही दोन दिन हिरमा घागर नही बुडावत. पाहुनाले रिकामी हिर दखाडानी का?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं आणि मी तिथेच जमिनीवर बसलो. बावीस वर्षं मी आधी कार्ड टाकून जात होतो. (मनात दुसरं काही नाही, आपली चहाची सोय व्हावी एवढंच.) कार्ड पोचलं की सगळा पाडा दोन दिवस विहिरीला हात लावत नसे. आपण पाहुणे येणार म्हणून घर सारवतो तसं. साहेब लांबून येणार, त्याला तळ दिसला तर गावाची शोभा काय राहिली? ते दोन दिवस बाया दोन कोस लांबच्या नाल्यात वाळू उकरून पाणी आणायच्या. मी यायचो, टेप सोडायचो, मस्त चार मीटर पाणी लागायचं, आणि मी 'पुरेसे' लिहून सही ठोकायचो. मग चहा. तो चहाही नाल्याच्याच पाण्याचा. मी वेस्ताला म्हणालो, अरे, मला कधी सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "तुम्ही कोठे ईचारं, भाऊ? तुम्ही ते फक्त मोजं."

टेप सवयीने पिशवीत होताच. सोडला. तळाशी वीतभर पाणी. इंग्रिडबाई माझ्याकडे पाहत होत्या, पण त्यांनी वहीत काही लिहिलं नाही, हे त्यांचं मोठेपण. रेव्हरंडांनी मात्र ही विहीर प्रबंधात घेऊ का असं हळूच विचारलं. मी म्हटलं, खुशाल घ्या. मला फार लाज वाटली, भटू. नाव रोगाचं माहीत नव्हतं एवढंच, रोग माझ्याच वहीत होता. परतताना शिरपूरच्या स्टँडवर रेव्हरंडांनी आणलेली भजी कुणालाच गेली नाहीत.

असो. तुझ्या कामाचा वेळ फार घेतला. अक्काला साष्टांग नमस्कार, सुनबाईंना आशीर्वाद, पोरांना पापा. कळावे, लोभ आहेच, तो वाढवण्यासारखं काही मी केलेलं नाही.

तुझा मामा,
उखर्डू

ता. क. एक शब्द लिहिणार नाही म्हणालो होतो, पण तुझ्या फायलीत त्या पाचही शेऱ्यांना जोडलेले आकडे माझे आहेत. खाली जी वेलांटीदार सही आहे आणि जी तुला वाचता आली नसेल, ती माझीच. मोजणी चुकीच्या पद्धतीने झाली, असा माझा लेखी जबाब सोबत जोडला आहे. तो फायलीत लाव. पेन्शनीचं काय व्हायचं ते होवो. मामीला मात्र आत्ताच सांगू नकोस, घरात पापड वाळताहेत.

दुसरा ता. क. नाव घुसव असं मी म्हणत नाही. तू फक्त पंधराच्या आत भर दुपारी बाराला जाऊन मोज. मी जाऊन उपयोग नाही, मला पाहताच ते घागरी उपड्या घालतील. तुला तिथे कोणी ओळखत नाही, हीच तुझी लायकी.

तिसरा ता. क. (हा लिहायला सकाळपासून धीर होत नव्हता.) काल तुझ्यावर काम सोपवायचं ठरवलं आणि मन हलकं झालं. त्या भरात स्टेशनजवळ गेलो आणि बावीस वर्षांच्या सवयीने सावरपाणीला कार्ड टाकलं, की तेरा तारखेला धुळ्याहून माझा भाचा, भटूसाहेब, विहीर मोजायला येत आहे. टपालपेटी उघडायला पोस्टमनला विनवलं, पण तो नियमाचा माणूस निघाला. कार्ड अकरा तारखेला पोचेल. म्हणून हे पत्र टपालाने न पाठवता दोनच्या धुळे गाडीवरच्या ड्रायव्हर धनसिंगच्या हाती देतो आहे. तू दहा तारखेलाच जा. आणि निघताना रुपलीला सांग, की तेराला कोणीही येणार नाही, खुशाल पाणी भरा. ते चहा ठेवतील. नको म्हणू नकोस, त्यांना वाईट वाटेल. पण अर्धाच कप घे. मला बावीस वर्षांत तेवढंही सुचलं नाही.